भाव वाढंल का

अज्ञानातून निघालेल्या शब्दाला क्षमा असते आणि जाणून उच्चारलेल्या असत्याला प्रायश्चित्त असते. परंतु जाणून उच्चारलेला शब्द अज्ञानातूनच निघाला असे लोकांनी प्रेमाने मानले, आणि बोलणाऱ्याने त्यांना तसे मानू दिले, तर त्या अवस्थेला काय म्हणावे हे गहिनीनाथशास्त्र्यांना ठाऊक नव्हते. आयुष्यभर त्यांनी शब्दांच्या व्युत्पत्ती सांगितल्या होत्या. या एका गोष्टीला मात्र त्यांच्यापाशी नाव नव्हते. बीडच्या भर बाजारात, विजयसिंहाच्या दुकानातील बाकावर, चहाची बशी ओठांशी नेत असताना ती गोष्ट त्यांच्यासमोर उभी राहिली.

विजयसिंह हा तलवाड्याच्या मोहनरावांचा धाकटा मुलगा. वडिलांची जमीन थोरल्या भावाकडे सोपवून त्याने बीडला दूरदर्शन संच आणि तबकड्या वाजवणारी यंत्रे विकण्याचे दुकान थाटले होते, आणि मागच्या खोलीत संगणकावर तो लोकांच्या वतीने शेअर घेई आणि विकी. श्रावणात तलवाड्याच्या देवळात शास्त्रीबुवांची जी प्रवचने झाली, ती त्यानेच कॅमेऱ्याने टिपली होती. त्यांच्या तबकड्या तयार झाल्या म्हणून त्याने आज बुवांना बोलावले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बुवा स्वतःच बोलत होते. दुकानात बल्ब बदलून घ्यायला आलेले शहादेव मास्तर आणि आणखी दोघे-तिघे उभ्याउभ्या ऐकत होते. प्रवचन संपले, आरतीचे ताट फिरले, आणि खांबाआडून सत्यभामा धनगरीण पुढे आली. हात जोडून तिने विचारले, "बुवा, भाव वाढंल का?" पडद्यावरचे शास्त्रीबुवा क्षणभर थांबले, हसले आणि म्हणाले, "धरून ठेवा. भाव धरला की वाढतोच. पडत्या काळात जो सोडतो, त्याचा भाव खरा नव्हे."

दुकानातले सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. सत्यभामेने विचारला तो शेअरचा भाव आणि बुवांनी सांगितला तो भक्तीचा भाव, ही गंमत आता गेवराई तालुक्यात घरोघर झाली होती. शहादेव मास्तर डोळे पुसत म्हणाले, "शास्त्रीबुवा, बाजार बसला तो तुमच्या भावानं. पण तुमचा दोष न्हाई. तुमच्यासारख्या भोळ्या मानसाला इचारावं कावून तिनं?" बुवांनीही हसण्यासारखे तोंड केले. पण त्यांनी काहीतरी पाहिले होते. बशी खाली ठेवून त्यांनी विजयसिंहाला तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. बुवांना स्वतःची गंमत आवडली असे वाटून त्याने तो आनंदाने लावला. सत्यभामेचा प्रश्न आला. आणि उत्तर देण्यापूर्वी, जेमतेम एका श्वासाच्या अवकाशात, पडद्यावरच्या वृद्धाचे डोळे तिच्यावरून निघून डावीकडे गेले, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे गेले आणि परत आले.

"इथे मी कुठे पाहतो आहे?" त्यांनी विचारले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

"ते धूसर हाय, बुवा," विजयसिंह म्हणाला. "ह्या जुन्या डिस्कमधी एवढंच येतं. नवी डिस्क चालली असती ना, तर तुमची पापणी हललेलीसुदिक दिसली असती."

ती नवी तबकडी. बुवांनी डोळे मिटले. वैशाखातल्या एका दुपारी विजयसिंह त्यांच्या घरी आला होता. कुलर नीट करतो म्हणून आला आणि बोलतच बसला. तबकडी आजच्याएवढीच, पण किरण निळा, त्यामुळे रेषा बारीक, त्यामुळे आजच्या कित्येक तबकड्यांतले सारे एकीतच मावणार. तुमची सगळी प्रवचने, बुवा, एका तबकडीवर, समोर बसून ऐकल्यासारखी. ती कुजत नाही, तिला बुरशी लागत नाही. नातवंडांची नातवंडे तुम्हाला पाहतील. बुवांनी संकोच दाखवला होता. ज्ञान महत्त्वाचे, देह कशाला, असे काहीतरी म्हटलेही होते. पण त्या रात्री अंथरुणावर त्यांनी स्वतःला पाहिले, कुणा अजून न जन्मलेल्या मुलाच्या घरात, भिंतीवर, झळझळीत. पत्नी रुक्मिणीबाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिचा आवाज कुठल्याही तबकडीवर नव्हता. तो आता बुवांनाही नीटसा आठवत नसे. आठवे ते एवढेच, की भाजी आळणी झाली आहे का असे ती विचारी, आणि ते लवणाच्या महतीवर काही सुंदर बोलू लागत, तेव्हा पदराने हात पुसत ती म्हणे, "हो की नाही, एवढंच सांगा." तिच्या जाण्याच्या दुःखात आपल्या टिकून राहण्याची इच्छा केव्हा मिसळली, हे त्यांना कळले नव्हते. कदाचित मिसळली नव्हतीच. दुःख नुसते वर झाकलेले होते.

त्याच दुपारी विजयसिंहाने दुसरी गोष्टही सांगितली होती. त्या नव्या तबकडीवरचे चित्र उलगडायला प्रत्येक यंत्रात एक चिप लागणार, नखाएवढी. आणि ती पुरवणारी कंपनी आपल्याच देशातली, बंगळूरकडची. तबकडी चालली की घरोघर यंत्रे येणार, यंत्रे आली की चिपा लागणार, चिपा लागल्या की त्या कंपनीच्या शेअरचा भाव चढणार. तो खोटे बोलत नव्हता. त्याने स्वतःचेही त्यात घातले होते. फक्त एक गोष्ट त्याने हलक्या आवाजात सांगितली होती, की नव्या तबकड्या दोन निघाल्या आहेत, एकमेकींच्या वैरिणी, आणि ही चिप त्यांपैकी एकीचेच चित्र उलगडते. "पण जिंकणार आपलीच, बुवा," तो म्हणाला होता. आपलीच हा शब्द बुवांना गोड वाटला होता. ज्या तबकडीत ते राहायला जाणार होते, ती जिंकावी असे त्यांना वाटू लागले होते, आणि वाटणे आणि जाणणे यांतला भेद, जो ते विद्यार्थ्यांना फळ्यावर दोन रकाने करून शिकवत, तो त्यांच्या स्वतःच्या मनात पुसट झाला होता.

म्हणून श्रावणातल्या त्या एकादशीला, प्रवचनाआधी देवळाबाहेरच्या लिंबाखाली विजयसिंह सत्यभामेला काय समजावतो आहे, हे त्यांनी पाय धुता धुता ऐकले होते. ऐकले होते: यात आता संशयाला जागा नव्हती. निम्मी मेंढरे विकून चिपेचे शेअर घ्यावेत की काय, असे ती मनात घोळवत होती. दुष्काळात चाऱ्यामागे हिंडून कंटाळली होती, आणि मुलीला, ऋतुजाला, नर्सिंगला घालायचे होते. "इजयदादा, तुमचं बोलनं चांगलं हाय, पर मी बुवांस्नी इचारते," असे तिचे शब्दही त्यांच्या कानावर पडले होते. मग तिने विचारले. भाव हा शब्द उच्चारताच त्याच्या साऱ्या अर्थछटा, असणे, होणे, मन, भक्ती, मोल, त्यांच्यापुढे दिवाळीच्या पणत्यांसारख्या एकदम उजळल्या, आणि त्या उजेडात त्यांनी एक जागा पाहिली जिथे उभे राहिले असता माणूस दोन्हीकडून सुरक्षित असतो. भाव वाढला तर बुवांना ठाऊक होते. पडला तर बुवा भक्तीविषयी बोलत होते. हे त्यांनी असे शब्दांत मांडले नव्हते. शब्दांत मांडण्याची गरजच नव्हती. डोळ्यांनी विजयसिंहाकडे पाहून घेतले होते आणि जिभेने उरलेले केले होते.

आणि घडलेही तसेच, दोन्ही. भाद्रपदात तो शेअर चढला. लोक नारळ घेऊन आले. बुवांची वाचा सिद्ध आहे असे म्हणू लागले. मोहनरावांनी गावात बुवांच्या अंगावर शाल पांघरली. तेव्हा, "मी भक्तीविषयी बोलत होतो," असे बुवा म्हणाले नाहीत, ते म्हणाले, "मी काय जाणतो?" आणि ते अशा रीतीने म्हणाले, की ऐकणाऱ्याला वाटावे, हे सारे जाणतात. मग थंडीच्या तोंडाशी दूरदेशीच्या चित्रपट काढणाऱ्या मोठमोठ्या मंडळींनी दुसऱ्या तबकडीला कौल दिला, आपलीच म्हटलेली तबकडी दुकानांतून उठली, आणि चिपेचा शेअर विहिरीत दगड टाकावा तसा गेला. आता लोकच म्हणू लागले, की बुवांचा भाव निराळा होता, आपणच चुकीचे ऐकले. तेव्हाही ते गप्प राहिले. ते मौन लोकांना विनयाचे वाटले. शाल अजून त्यांच्या खुंटीवर होती. आज सकाळी निघताना थंडी असूनही त्यांनी ती घेतली नव्हती. का घेतली नाही, हे आत्ता, या बाकावर त्यांना कळत होते.

चहा निवला होता. विजयसिंह त्यांच्याजवळ येऊन बसला आणि बोलता बोलता म्हणाला, की सत्यभामा उरलेली मेंढरेही उद्या गेवराईच्या बाजारात काढणार आहे. खाली आलेल्या भावात आणखी शेअर घ्यायचे म्हणते. कंपनी दुसऱ्या तबकडीसाठीही चिप काढणार अशी वदंता आहे, त्यालाही थोडी आशा आहे; पण सगळेच कशाला घालतेस, थोडी थांब, असे त्याने तिला सांगून पाहिले. "ऐकत न्हाई, बुवा. माझ्यावर न्हाई तिचा इश्वास. तुमी सांगितलंय म्हनते, पडत्या काळात सोडायचं न्हाई." हे सांगताना तो खाली पाहत होता. त्यालाही लाज होती. पण ती नफ्या-तोट्याची होती, दिवसाउजेडी चारचौघांत नेता येण्याजोगी. बुवांना त्याचा हेवा वाटला.

तबकड्या तिथेच बाकावर ठेवून ते उठले आणि तलवाड्याला जाण्यासाठी गेवराईच्या गाडीत बसले. ओळखीच्या वाहकाने खिडकीपाशी जागा करून दिली. एका बाईने वाकून नमस्कार केला, आणि त्यांचा हात सवयीने उठला. खिडकीबाहेर कापूस वेचून झालेली शेते होती, पऱ्हाट्यांवर राहिलेल्या बोंडांचे पांढरे धागे. ते मनात वाक्ये जुळवू लागले. पहिले वाक्य सुंदर झाले. त्यात मानवी वाणीच्या मर्यादा होत्या. दुसऱ्यात काळाचा महिमा होता. तिसरे वाक्य असे होते, की आपल्या बोलण्याचा विपरीत अर्थ झाला; आणि हे वाक्य किती सहज आले, किती गुळगुळीत, जणू ते कित्येक दिवस आतल्या आत हाताळून झिजलेले होते, हे त्यांना दिसले. हो की नाही, एवढंच सांगा. रुक्मिणीबाईचा आवाज अवचित, अगदी स्पष्ट आला. इतकी वर्षे आठवत नव्हता तो आवाज; आणि आला तेव्हा त्यात माया होती की कंटाळा, हे त्यांना सांगता येईना.

तलवाड्याच्या शिवारात मोहनरावांच्या मोकळ्या रानात सत्यभामेची मेंढरे बसवलेली होती. मेंढरे रात्री रानात बसतात, त्यांच्या लेंड्यांनी जमीन सुधारते, आणि त्याबद्दल मालक धनगरांना धान्य देतो, ही इकडची जुनी रीत. नवरा सटवा कळप घेऊन पाण्यावर गेला होता. वाघुरीच्या जाळीच्या कुंपणात फक्त लहान कोकरे होती आणि बाभळीच्या सावलीत सत्यभामा एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. बुवांना बांधावरून येताना पाहून ती गडबडीने उठली, घोंगडी झटकून अंथरली.

"एवढ्या उन्हाचं कावून आलाव, बुवा? सांगावा धाडला असता तर मीच आले असते की."

बुवा बसले. ती पाया पडली, आणि त्यांना ते थांबवता आले नाही. उद्या मेंढरे विकू नका, असे त्यांनी सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि मान हलवली. देव पारखतोय, ती म्हणाली. वाढत्या भावाला कुणीही धरतो. पडत्याला धरायचे, हे तुम्हीच सांगितले, आणि ते तिच्या काळजात बसले आहे. सटवा रोज भांडतो, ऋतुजा रडते, पण तिने सोडले नाही.

"तो भाव वेगळा होता, सत्यभामाबाई," बुवा म्हणाले. "देवाविषयीचा." आणि म्हणताक्षणी त्यांना कळले, की एवढा प्रवास करून आपण तेच गुळगुळीत वाक्य आणले आहे.

ती हसली, लहान मुलाची समजूत घालावी तशी. "ते समद्या मुलखाला ठावं हाय. तुमी भोळे. पर बुवा, मी काय म्हनते, तुमाला शेराचं काईच ठावं नसताना ते तुमच्या तोंडून निघालं. म्हंजी ते तुमचं न्हवंच. वरनं आलं. तुमी ठावं असून बोलला असता, तर मी एवढा जीव लावला नसता."

कोकरू ओरडले. दूर कुठेतरी कळपाच्या घंटा वाजत होत्या, पाण्यावरून परतणाऱ्या. बुवांनी तिच्या हाताकडे पाहिले. काट्याचे टोक तिच्या अंगठ्याच्या चिमटीत तसेच होते. ज्या निरागसतेच्या आडोशाला ते इतके दिवस उभे होते, तीच या बाईला विहिरीकडे ढकलत होती. दुसरा आडोसा उरला नव्हता. त्यांना वाटले, आपण बोलू तेव्हा वाक्य तरी चांगले जुळेल. ते जुळले नाही.

"मला ठाऊक होते," ते म्हणाले. "तुम्ही शेअरचेच विचारता आहात, हे मला ठाऊक होते. लिंबाखाली विजयसिंह तुम्हाला सांगत होता, ते मी ऐकले. तुम्ही विचारल्यावर मी आधी त्याच्याकडे पाहिले आणि मग बोललो. वरून काही आले नाही. त्या नव्या तबकडीत माझी प्रवचने जायची होती. ती चालावी, असे मला वाटत होते. म्हणून बोललो."

सत्यभामेने काटा लांब फेकला, मग उगाच पुन्हा कोकराचा पाय चाचपला. बुवांना वाटले, ही आता शिव्या देईल. आणि त्यांच्या ध्यानात आले, की आपण त्याचीच आशा करत आहोत.

"म्हंजी वाढंल का पडंल, तुमाला ठावं नव्हतं," ती अखेरीस म्हणाली.

"नाही."

"आता?"

"आताही नाही."

"मंग तवाच न्हाई म्हनायचं." आवाज चढला नव्हता. विचारून झालेल्या, निकालात निघालेल्या गोष्टीविषयी बोलावे तसे ती बोलत होती. "ठावं न्हाई म्हनला असता, तर तुमचं काय कमी व्हनार व्हतं?"

याचे उत्तर त्यांना ठाऊक होते, आणि ते इतके क्षुद्र होते, की त्यांनी ते दिले नाही. धूळ जवळ आली. सटवा कळपापुढे चालत होता, खांद्यावर काठी आडवी. सत्यभामा उठून वाघुरीची जाळी सोडू लागली, आणि मेंढरे आत घुसत असताना त्या गलबल्यातून तिने नवऱ्याला एवढेच सांगितले, की उद्याचा बाजार नाही. सटव्याने बुवांकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि हातातली काठी बाभळीला टेकवली. पूर्वीच्या मानाने कळप किती लहान झाला आहे हे बुवांना आता दिसले. जाळीच्या आत अर्धे रान मोकळे राहिले होते.

तिने पाण्याचा तांब्या आणून दिला. ते निघाले तेव्हा ती पाया पडली नाही. पण बांधापर्यंत सोबत आली, त्यांच्या सदऱ्याला चिकटलेले कुसळ तिने दाखवले. बुवांनी विचारले, हे गावाला कळावे, असे तुम्हाला वाटते का? वाटत असेल तर सांगा.

"मी कावून सांगू?" ती म्हणाली. "तुमचं तुमी सांगा. म्होरल्या एकादशीला येनार न्हवं? मी बसंन मागं, खांबापाशी."

ते हो म्हणाले. नुसते हो. निरोप घेताना त्यांचा हात सवयीने आशीर्वादासाठी वर निघाला आणि अर्ध्यावर, छातीपाशी थांबला. जोडायला दुसरा हात त्याच्यापर्यंत आला तेव्हा ती वळून कोकरांकडे निघाली होती. रस्त्याकडे चालताना एकादशीचा सभामंडप त्यांच्या डोळ्यांपुढे आला, कॅमेऱ्याशिवाय, समोर बसलेली माणसे आणि मागे खांबाजवळची एक जागा. शब्द सुचत नव्हते, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी ते शोधले नाहीत.

विकली गेलेली मेंढरे जिथे असतील तिथे त्यांना कोवळा पाला मिळो, आणि राहिलेल्यांची कोकरे त्या जाळीतले मोकळे रान भरोत. ऋतुजेच्या शिक्षणाला वाट सापडो. विजयसिंहाला त्याची आशा माफक होऊन परत मिळो. भर माध्यान्ही काटा काढत बसलेल्या त्या बाईच्या प्रश्नांना यापुढे सरळ उत्तरे मिळोत. आणि ज्याने उत्तर दिले होते, त्याच्या जिभेवर ठाऊक नाही हे दोन शब्द शेवटपर्यंत सुखाने नांदोत.